इंग्लंडच्या वर्गात मराठे कुठे आहेत?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या पाठ्यपुस्तकांत भारताचा इतिहास चुकीचा शिकवला जातो, अशी तक्रार अधूनमधून उसळी मारते. दोन दिवस संताप होतो, कुणीतरी निवेदन देते, मग विषय विरून जातो. मी नोकरीभर माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये लेकीकडे राहण्याचा योग आला. नात बारा वर्षांची, तिथल्या हिशेबाने ‘इयर एट’मध्ये. तिचे इतिहासाचे पुस्तक, वह्या, शाळेतून मिळालेले छापील कागद हे सगळे मी शिक्षकाच्या नजरेने वाचून काढले. त्यातून जे दिसले ते आपल्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते. पत्र लांबले आहे, पण हा विषय चार ओळींत लिहिला की त्यातला रागच तेवढा उरतो आणि माहिती गळून जाते.

आधी तिथली व्यवस्था सांगते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच तक्रारी ती माहीत नसल्यामुळे भलत्याच दारावर जाऊन थडकतात. आपल्याकडे बालभारतीचे एक पुस्तक राज्य मंडळाच्या सर्व शाळांत चालते. इंग्लंडमध्ये सरकारी पाठ्यपुस्तक असा प्रकारच नाही. खासगी प्रकाशक पुस्तके काढतात. त्यातले कोणते घ्यायचे, की काहीच न घेता स्वतः तयार केलेल्या कागदांवर शिकवायचे, हे शाळेतला इतिहास विभाग ठरवतो. सरकारचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आहे. सध्याचा २०१४ पासून लागू झाला. अकराव्या ते चौदाव्या वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यात इतिहासाचे मोठे कालखंड दिलेले आहेत आणि प्रत्येक कालखंडाखाली ‘उदाहरणार्थ’ म्हणून विषयांची यादी आहे. विसाव्या शतकाच्या भागात नाझींनी केलेला ज्यूंचा संहार तेवढा सक्तीचा. बाकीचे शिक्षकांनी त्या यादीतून निवडायचे. सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या ‘अकादमी’ प्रकारच्या शाळांना तर आजवर हा अभ्यासक्रमही बंधनकारक नव्हता. चौदाव्या वर्षानंतर इतिहास हा विषय ऐच्छिक होतो. म्हणजे भारताविषयी जे काही कानावर पडायचे ते बहुसंख्य मुलांच्या कानावर चौदाव्या वर्षापर्यंतच पडते, तेही शिक्षकाने निवडले तर.

त्या यादीत भारत आहे आणि तो चार ठिकाणी आहे. प्राथमिक वर्गांत पहिल्या संस्कृतींपैकी एकीचा सखोल अभ्यास करायचा असतो. सुमेर, इजिप्त, चीनचे शांग घराणे यांच्या बरोबरीने सिंधू संस्कृतीचा पर्याय तिथे दिलेला आहे. पुढे ब्रिटिश साम्राज्याच्या वाढीत भारताचे उदाहरण सुचवले आहे. विसाव्या शतकात भारताचे स्वातंत्र्य आणि साम्राज्याचा शेवट आहे. चौथा उल्लेख जागतिक इतिहासात येतो. ब्रिटनबाहेरच्या एखाद्या मोठ्या समाजाचा अभ्यास करायचा, आणि तिथे पहिलेच सुचवलेले उदाहरण आहे ‘मुघल भारत, १५२६ ते १८५७’.

या चौथ्या ओळीपाशी मी थांबले. १५२६ ला पानिपतावर बाबर जिंकला आणि १८५७ च्या उठावानंतर बहादूरशहा जफरला रंगूनला पाठवले, म्हणून ही दोन टोके. दिल्लीच्या किल्ल्यात त्या घराण्याचा माणूस बसलेला होता हे खरे. पण बारा वर्षांचे मूल ही ओळ वाचून काय समजेल? सव्वातीनशे वर्षे भारत मुघलांचा होता आणि त्यांच्या हातून तो इंग्रजांकडे गेला. नातीच्या वहीतला कालपट असाच होता: बाबर, अकबर, शहाजहान आणि ताजमहाल, औरंगजेब, प्लासी, १८५७, व्हिक्टोरिया राणी, गांधीजी, फाळणी. औरंगजेब वारला १७०७ ला आणि प्लासी झाली १७५७ ला. मधली पन्नास वर्षे कोरी. प्लासीपासून १८५७ पर्यंतची शंभर वर्षे जवळजवळ कोरी. मराठे हा शब्द मला त्या पुस्तकात एका नकाशावर सापडला. रंगवलेल्या पट्ट्यावर तिरकी अक्षरे होती, मजकुरात त्याविषयी अवाक्षर नव्हते.

मराठी माणूस म्हणून वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पण मला जास्त वाईट वाटले ते इतिहासाची शिक्षिका म्हणून. इंग्रजांनी भारत कसा घेतला हेच त्या मुलांना कळणार नाही. ही त्यांच्याच देशाची गोष्ट आहे आणि तिचा मधला भाग त्यांना मिळत नाही.

दिल्लीचेच बघा. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजांनी दिल्ली घेतली आणि इंग्रजांच्या आश्रयाला अलाहाबादेत राहिलेल्या शाहआलम बादशहाला पुढल्या वर्षाच्या सुरुवातीला तख्तावर आणून बसवले. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादराने त्या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला सोडवायला पुन्हा शिंद्यांचीच फौज गेली. ११ सप्टेंबर १८०३ ला जनरल लेक दिल्लीबाहेर पटपडगंजला लढला तो शिंद्यांच्या कवायती पलटणींशी. त्या लढाईनंतर आंधळा म्हातारा बादशहा मराठ्यांच्या ताब्यातून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पेन्शनवर जगू लागला. दिल्ली इंग्रजांनी कुणाकडून घेतली या साध्या प्रश्नाचे उत्तर ‘शिंद्यांकडून’ असे आहे. ‘मुघल भारत, १५२६ ते १८५७’ या चौकटीत हे उत्तर बसतच नाही.

त्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. त्याच्या बाजूचे मृत आणि जखमी दीड हजारांहून जास्त होते, आणि त्याची फौज लहान असल्याने हा आकडा भयंकर होता. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लूचा विजेता म्हणून इंग्लंडच्या गावोगावी त्याच्या नावाचे रस्ते आहेत, पुतळे आहेत. उतारवयात त्याला विचारले, की रणांगणावर तुमच्या हातून झालेली सर्वांत चांगली कामगिरी कोणती? त्याने असईचे नाव घेतले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. मी हे नातीला सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसेना. वॉटर्लू तिला माहीत होते, असई हे नाव तिने कधीच ऐकले नव्हते. तिच्या वर्गातल्या कुणीच ऐकलेले नसणार.

आणि जानेवारी १७७९? मुंबईहून निघालेली कंपनीची फौज रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसवायला बोरघाट चढून आली, तळेगावापर्यंत पोचली आणि मागे फिरताना वडगावला वेढली गेली. तिच्या अधिकाऱ्यांना शरण येऊन तह करावा लागला. कलकत्त्याच्या वरिष्ठांनी तो तह पुढे मानला नाही, ही गोष्ट वेगळी. त्या मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टला आपल्या लोकांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवले, त्याची समाधी वडगावला आहे. शत्रूच्या शूर अधिकाऱ्याची आठवण जपणारा मुलूख इंग्लंडमधल्या मुलाला दाखवायला किती सोपा आहे! पण तिथल्या पुस्तकातली कंपनी प्लासीला जिंकते आणि मग जिंकतच जाते. ती हरते, तह करते, घाबरते, तडजोड करते, हे त्या मुलांना दिसत नाही. साम्राज्य म्हणजे जणू आपोआप घडलेली गोष्ट, असा त्यांचा समज होतो, मग ते साम्राज्य चांगले म्हणून शिकवा नाहीतर वाईट म्हणून.

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात हे लिहिले तेव्हा लगेच उत्तर आले की हा कट आहे, आपला इतिहास दडपायचा डाव आहे. मला तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही हेच या पत्राचे मुख्य कारण आहे. दुसऱ्या देशाचा इतिहास शाळेच्या पुस्तकात येतो तो आपल्या देशाची त्याच्याशी गाठ पडली तेवढ्यापुरता. इंग्रजांची गलबते सुरतेला लागली की त्यांच्या पुस्तकात भारत उगवतो आणि माउंटबॅटन निघाले की मावळतो. तास थोडे असतात. लेखकाला इंग्रजीत जे सहज मिळते तेच तो वापरतो. त्यात चित्रांचा प्रश्न आहे, ज्याचा विचार आपण कधी करत नाही. आजचे शालेय पुस्तक चित्रांवर उभे असते. अकबराच्या दरबाराची मूळ चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. टिपू सुलतानाचा तो इंग्रजाला फाडणारा लाकडी वाघही तिथेच आहे. तो डोळ्यांत भरतो, म्हणून म्हैसूरला निदान एक चौकट मिळते. मराठ्यांनी मागे ठेवले किल्ले आणि मोडीतली कागदपत्रे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ती रुमालांत बांधलेली आहेत. बारा वर्षांच्या पोराच्या पानावर छापायला त्यातले काय मिळणार? शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली चित्रे ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, पण ती आपण कुणाच्या हातात नेऊन देत नाही.

आता त्यांच्या पद्धतीविषयी दोन गोष्टी. एक मनापासून आवडली, दुसरी अजिबात नाही.

आवडली ती अस्सल साधने समोर ठेवण्याची रीत. एका घटनेविषयी त्या काळातली तीन-चार टिपणे देतात. एखाद्या अधिकाऱ्याचे पत्र, वर्तमानपत्रातला उतारा, व्यंगचित्र, भारतीय माणसाची साक्ष. मग विचारतात, हे कुणी लिहिले, केव्हा लिहिले, कुणासाठी लिहिले, त्यावर किती विसंबावे? जालियनवाला बागेचा पाठ असा होता. सरकारी आकडा ३७९ मृतांचा आणि काँग्रेसच्या चौकशीने मांडलेला हजारावरचा, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दोहोंत इतका फरक का, असा प्रश्न होता. नातीने त्यावर दीड पान लिहिले होते. माझ्या वर्गात मी तारखा पाठ करून घेतल्या, परीक्षेची रचनाच तशी होती. असे दीड पान लिहायला लावण्याची मुभा मला मिळाली असती तर मी आनंदाने घेतली असती.

आवडली नाही ती जमाखर्चाची मांडणी. ‘ब्रिटिश राजवटीचा भारताला फायदा झाला की तोटा?’ असा प्रश्न, खाली दोन रकाने. एका बाजूला रेल्वे, तारायंत्र, कायदा, इंग्रजी भाषा. दुसऱ्या बाजूला दुष्काळ, कर, बुडालेले विणकर, अमृतसर. मुलांनी वजन करून निष्कर्ष काढायचा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे गेली. ती एका रकान्यातली एक ओळ आणि समोरच्या रकान्यात आगगाडी. यात लेखकाचा वाईट हेतू मला दिसत नाही, दोन्ही बाजू दाखवल्याचे समाधान त्याला असणार. पण माणसांच्या मरणासमोर रूळ ठेवून वजन करायला मुलांना शिकवू नये. विचारायचेच तर रेल्वे कोणी, कोणाच्या पैशाने, कशासाठी बांधली, तिच्यातून कापूस आणि सैन्य कुठे गेले, धान्य कुठून कुठे गेले, हे विचारा. त्याची उत्तरे मुले शोधू शकतात. फायदा की तोटा या प्रश्नाचे उत्तर ती फक्त घरून घेऊन येतात. आजोबांचा फोटो लष्करी गणवेशातला असेल तर एक, आजी लाहोरहून निर्वासित होऊन आली असेल तर दुसरे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःची नोंद भारतीय म्हणून करणारे १८ लाखांवर लोक होते. त्यात पाकिस्तानी आणि बांगलादेशी मुळाच्या लोकांची भर घाला. अशा वर्गात हा प्रश्न मुलांना एकमेकांसमोर उभे करतो.

महायुद्धांचा भाग मात्र सुधारतो आहे, हे नोंदवायला हवे. पहिल्या महायुद्धात भारतातून सुमारे १३ लाख आणि दुसऱ्यात २५ लाख माणसे सैन्यात गेली, हे आता पुस्तकात येते. ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांसाठी उघडलेल्या इस्पितळाचे छायाचित्र होते. ते शिपाई कुठले, हे नव्हते. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणींनी उपासमार सोसली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, घाडग्यांना तो मरणोत्तर मिळाला. यातले काही तिथे आले तर वर्गातल्या पोरांना आपली आणि आमची माणसे एकाच खंदकात दिसतील.

मी नातीच्या इतिहासाच्या बाईंना भेटले. मुलगी जरा बिचकत होती, आजी तिथे जाऊन भांडेल म्हणून. भांडायचे काहीच कारण नव्हते. बाई तरुण, हुशार आणि कामाने पिचलेल्या. कोणत्याही देशातल्या शिक्षिकेसारख्या. मी १८०३ ची दिल्ली आणि १७७९ चे वडगाव सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले, टिपून घेतले आणि विचारले, “मुलांना वाचता येईल असे एका पानाचे काही आहे का? दोन-तीन अस्सल उतारे, एक नकाशा, एखादे चित्र? असेल तर मी पुढच्या सत्रात घेईन.” माझ्याकडे द्यायला काही नव्हते. शोधले. इंटरनेटवर शिवचरित्राचे गौरवग्रंथ मिळाले, वादविवादांच्या चित्रफिती मिळाल्या, पण बारा वर्षांच्या मुलासाठी एक पान मिळाले नाही. ज्या देशात पुस्तक कोणते लावायचे ते शिक्षक ठरवतात, तिथे मंत्र्यांना निवेदन देऊन काय होणार? त्या बाईंच्या हातात ते एक पान पडले असते तर तीस मुलांच्या कालपटावर मराठे आले असते.

दुसऱ्या देशाच्या पुस्तकांवरून भांडण्याचा अनुभव जगाला पुष्कळ आहे. जपानच्या पुस्तकांत युद्धकाळातील अत्याचार सौम्य करून सांगितले, म्हणून चीन आणि कोरियात १९८२ मध्ये मोठा क्षोभ झाला. २००१ मध्ये एका नव्या जपानी पुस्तकावरून पुन्हा तसेच झाले. पण ते पुस्तक जपानच्याच शाळांनी नाकारले. हजारांत एका शाळेनेही ते लावले नाही. ते काम तिथल्या शिक्षकांनी, पालकांनी आणि नागरिकांनी केले. इएनागा साबुरो या इतिहासकाराने तर स्वतःच्या पाठ्यपुस्तकावर सरकारने चालवलेल्या कात्रीविरुद्ध १९६५ पासून १९९७ पर्यंत कोर्टकचेऱ्या केल्या. परक्या देशात आपली बाजू समजून घेणारी माणसे असतात. त्यांच्या हाती साधने द्यावी लागतात, आणि सरसकट सगळ्यांना शत्रू ठरवले तर तीही तोंड फिरवतात.

युरोपात यापेक्षा चिकाटीचे काम झाले आहे. जर्मनी आणि पोलंडच्या इतिहासकारांनी १९७२ मध्ये युनेस्कोच्या आधाराने संयुक्त पाठ्यपुस्तक आयोग स्थापन केला. ज्या देशाने शेजाऱ्याची माणसे लाखोंनी मारली, त्याच्या आणि त्या शेजाऱ्याच्या इतिहासकारांनी एका टेबलाशी बसून एकमेकांची पुस्तके वाचली. २००३ मध्ये फ्रेंच आणि जर्मन तरुणांच्या संसदेत दोन्ही देशांत चालेल असे एकच इतिहासाचे पुस्तक हवे अशी मागणी झाली आणि २००६ मध्ये त्याचा पहिला भाग आला. भारत आणि ब्रिटन यांच्यात असा आयोग का असू नये? भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यात का असू नये, हे विचारायलाही मला आज धीर होत नाही, पण लिहून ठेवते.

आता आपल्याकडे वळते, कारण इंग्लंडच्या पुस्तकाला लावलेली कसोटी आपल्या पुस्तकांनाही लावली पाहिजे. आमचा विद्यार्थी चीनविषयी काय शिकून बाहेर पडतो? फाहियान आला, ह्युएनत्संग आला आणि मग एकदम १९६२. मधल्या हजार-तेराशे वर्षांत चीन होता की नव्हता? इंग्रजही आपल्या पुस्तकात वखारीबरोबर येतात आणि १९४७ ला बोटीत बसतात. १८१९ मध्ये मँचेस्टरला मताधिकारासाठी जमलेल्या निःशस्त्र गर्दीवर घोडदळ घालून त्यांच्याच सरकारने त्यांचीच माणसे मारली, हे मी कधी शिकवले नाही, कारण ते पुस्तकात नव्हते. आपल्या राज्यात सातवीचे पुस्तक २०१७ पासून मुख्यतः मराठ्यांच्या इतिहासाचे आहे आणि मुघलांना त्यात अगदी थोडी जागा आहे. मराठी मुलाला आपला इतिहास सविस्तर कळावा हे मला मान्यच आहे. पण मग इंग्लंडच्या पुस्तकात मुघल जास्त आणि मराठे कमी म्हणून रागवताना, चौकट आखणारा आपल्याला हवे तेच चौकटीत ठेवतो, हे आपणही करतो हे ध्यानात असू द्यावे.

आणि बंगाल तर परदेशही नाही. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४२ पासून १७५१ पर्यंत बंगालवर स्वाऱ्या केल्या. आमच्याकडे हे एका वाक्यात येते, ओरिसा मिळाला आणि बंगालची चौथाई ठरली. बंगालमध्ये या स्वाऱ्यांना बर्गींची, म्हणजे मराठा घोडेस्वारांची, धाड म्हणतात. आजही तिथल्या आया बाळाला झोपवताना म्हणतात त्या गाण्यात बर्गी येतो. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिले. त्यात गावे सोडून पळणारी माणसे आहेत, जाळलेली घरे आहेत, बायकांवरचे अत्याचार आहेत. आमच्या सातवीच्या मुलाला त्यातल्या चार ओळी वाचायला दिल्या तर महाराजांच्या कार्याला उणेपणा येत नाही. उलट परमुलखातल्या रयतेविषयी महाराजांनी घालून दिलेली शिस्त पुढे किती सुटली, हे त्याला कळते.

परक्यांनी लिहिलेल्या आपल्या इतिहासाला उत्तर कसे द्यायचे, याचा धडा आपल्याच पूर्वजांनी घालून दिला आहे. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. त्याचे मराठी भाषांतर झाले आणि आपल्या मुलांनी आपला इतिहास इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकातून वाचला. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने डफच्या ग्रंथावर टीका लिहिली. डफने कागद कुठले पाहिले, कुठले पाहिले नाहीत, कुठे घाईने निष्कर्ष काढला, हे त्याने दाखवले. मग राजवाडे दप्तरे शोधत गावोगाव फिरले आणि १८९८ पासून साधनांचे खंड छापू लागले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचे आपले पुस्तक इंग्रजीत लिहिले. ज्यांचा गैरसमज दूर करायचा, ते इंग्रजीच वाचत होते. सरदेसाई आणि बंगालचे जदुनाथ सरकार यांनी मिळून पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटांचा पत्रव्यवहार संपादित केला. पुण्याच्या दरबारात बसलेले इंग्रज मराठ्यांना किती वचकून होते, हे त्यात त्यांच्याच शब्दांत आहे. इंग्लंडच्या वर्गात ठेवायला याहून चांगले साधन कोणते? ते मूळ इंग्रजीत आहे, छापलेले आहे, त्यातून दहा उतारे निवडायला फक्त बसायला हवे.

मी आणि माझ्यासारख्या काही निवृत्त सहकारी बसलो आहोत. विषय तीन घेतले आहेत. पहिला, १६७४ च्या राज्याभिषेकाला रायगडावर आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आणि त्याने केलेला करार. दुसरा, १७७९ चे वडगाव. तिसरा, १८०३ ची दिल्ली. प्रत्येक विषयाचे एकच पान, सोपे इंग्रजी, दोन इंग्रजी उतारे, दोन मराठी कागदांचे भाषांतर, एक नकाशा आणि चार प्रश्न. एखाद्या इंग्रज शिपायाचे दुःख त्यात आले तर ते राहू देणार आहोत. आपल्या सरदारांची आपसातली भांडणेही झाकणार नाही, कारण १८०३ त्यांच्याशिवाय समजतच नाही. तयार झालेली पाने आधी नातीच्या बाईंकडे जातील. तिथे इतिहास शिक्षकांची हिस्टॉरिकल असोसिएशन ही १९०६ पासूनची संस्था आहे. ती शिक्षकांसाठी नियतकालिक चालवते आणि शिक्षक त्यातून आपले पाठ एकमेकांना देतात. पुढे पाने तिकडे पाठवण्याचा विचार आहे.

अडचण आहे ती मोडी कागदांची. छापलेल्या साधनांत वडगावची मराठी पत्रे आहेत, पण काहींचा अर्थ लावताना आम्ही अडखळतो. १८०३ च्या दिल्लीविषयी शिंद्यांच्या बाजूने लिहिलेली पत्रे आम्हाला फारच थोडी मिळाली. आपल्या वाचकांत मोडी वाचणारे आणि अठराव्या शतकातला पत्रव्यवहार पाहिलेले जाणकार नक्की असतील. त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधावा. ज्यांची मुले-नातवंडे इंग्लंडमध्ये शिकतात, त्या पालकांनी आपल्या शाळेत ‘मुघल भारत’ किंवा साम्राज्याचा पाठ कोणत्या सत्रात असतो, तेवढे विचारून कळवावे, म्हणजे पाने वेळेवर पाठवता येतील.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका